रेंगाळणारा ताप आणि हृदयाची झडप

प्रश्न : माझे पती 42 वर्षांचे आहेत. लहानपणी झालेल्या संधिवाताच्या तापामुळे त्यांची मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) अधू आहे. गणपतीनंतर त्यांना रोज संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. मलेरिया, डेंग्यू काही निघाले नाही. अँटिबायोटिकच्या 5 दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरला, पण आठवड्याभरात परत आला. आता हृदयरोगतज्ज्ञ भरती होऊन ब्लड कल्चर (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) आणि अन्ननलिकेतून इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगतात, आणि झडपेला संसर्ग निघाल्यास 6 आठवडे शिरेतून औषध द्यावे लागेल म्हणतात. गोळ्यांवर भागणार नाही का? (एक भगिनी, भांडुप)

उत्तर : ताई, तपासण्या आवश्यकच आहेत, आणि शक्य असेल तर आजच भरती व्हावे. मुंबईत पावसाळा सरता सरता ताप म्हटला की मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, टायफॉइड हीच नावे आधी आठवतात आणि ते योग्यही आहे. परंतु ज्याची झडप अधू किंवा बदललेली आहे, त्याचा ताप रेंगाळू लागला की एंडोकार्डायटिसचा, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराच्या व झडपांच्या जंतुसंसर्गाचा, विचार सुरुवातीलाच व्हायला हवा.

दात घासताना, हिरडी दुखावल्यावर किंवा त्वचेवरच्या जखमेतून थोडे जंतू कोणाच्याही रक्तात शिरतात आणि निरोगी माणसात ते लगेच नष्ट होतात. खडबडीत झालेल्या झडपेवर मात्र ते चिकटून बसतात आणि त्यांच्याभोवती रक्तातील फायब्रिन व प्लेटलेट्सचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकांचा, थर चढत जाऊन एक गाठोडे तयार होते, ज्याला डॉक्टर व्हेजिटेशन म्हणतात. इकोच्या पडद्यावर ते झडपेच्या प्रत्येक उघडझापीबरोबर फडफडताना दिसते. त्याचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला तर पक्षाघात होऊ शकतो.

आता त्या 5 दिवसांच्या गोळ्यांविषयी. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. पण कल्चरआधी दिलेले अँटिबायोटिक हे ह्या आजारात जंतू न सापडण्याचे फार मोठे कारण आहे, आणि असे रुग्ण पाहताना दर वेळी जिवाला लागते. गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, केवळ दबतात. ताप उतरतो, घरचे निश्चिंत होतात आणि आत झडप कुरतडली जात राहते. म्हणून आपल्या पतींनी अगोदर घेतलेल्या औषधाचे नाव, घेतल्याच्या तारखा आणि रिकामी स्ट्रिप सोबत न्यावी. सहसा वेगवेगळ्या जागी सुई टोचून रक्ताचे 3 संच घेतले जातात आणि मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलीटर रक्त लागते. इतके रक्त कशाला, असे म्हणून नातेवाईक हात आखडता घ्यायला लावतात. तसे करू नये, कारण रक्त जितके पुरेसे तितकी जंतू सापडण्याची शक्यता अधिक.

छातीवरून केलेल्या साध्या इकोत फासळ्या आणि फुप्फुसे मध्ये येतात. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या कर्णिकेच्या (वरच्या कप्प्याच्या) अगदी पाठीशी असल्यामुळे तिथून मायट्रल झडप फार स्पष्ट दिसते. त्यासाठी काही तास उपाशी राहावे लागते आणि घसा बधिर करतात. कल्चर, इको, ताप व इतर खुणा एकत्र जुळवून निदान ठरते. त्यासाठीचे ड्यूक निकष 1994 मध्ये मांडले गेले आणि 2023 मध्ये पुन्हा सुधारले गेले.

गोळ्यांचे म्हणाल, तर व्हेजिटेशनच्या आत रक्तवाहिन्या नसतात. तिथे पांढऱ्या पेशी पोहोचत नाहीत आणि औषधही मोठ्या मात्रेत, दीर्घकाळ दिले तरच पुरेसे झिरपते, म्हणून सहसा 4 ते 6 आठवडे लागतात. डेन्मार्कमधील 400 रुग्णांच्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की शिरेतून किमान 10 दिवस औषध घेऊन प्रकृती स्थिर झालेल्या निवडक रुग्णांना उरलेला काळ गोळ्या दिल्या तरी परिणाम कमी पडला नाही. तेव्हा हा प्रश्न पुढे जरूर विचारावा, पण तो पहिल्या आठवड्याचा प्रश्न नव्हे. झडप गळू लागून दम लागला, संसर्ग आटोक्यात आला नाही किंवा व्हेजिटेशन मोठे असले, तर शस्त्रक्रियेला उशीर करू नये.

बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळा पडला, तर क्षणभरही थांबू नका आणि कॅज्युअल्टीत पोहोचताच झडपेच्या संसर्गाचा संशय आहे हे आधी सांगा. पक्षाघातात दिले जाणारे गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन ह्या आजारात मेंदूत रक्तस्राव घडवू शकते.

संधिवाताच्या तापासाठी दर 21 दिवसांनी दिले जाणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन एंडोकार्डायटिसपासून संरक्षण करत नाही, तरीही ते स्वतःहून बंद करू नये. आजार झालाच असेल, तर बरे झाल्यावर दात काढण्यापूर्वी किंवा हिरडीच्या उपचारापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने अँटिबायोटिक घ्यावे लागेल, हे दंतवैद्यांना सांगावे.

प्रश्न : सर्दीतापानंतर माझ्या 24 वर्षांच्या मुलाच्या छातीत दुखू लागले, आडवे झाल्यावर वाढते, पुढे वाकून बसल्यावर कमी होते. डॉक्टरांनी पेरिकार्डायटिस सांगून कोल्चिसिन 3 महिने दिले आणि कबड्डी बंद केली. तो ऐकत नाही. (एक पालक, लालबाग)

उत्तर : आपण केलेले वर्णन हृदयाभोवतीच्या आवरणाच्या दाहाशी जुळते. ईसीजी, इको आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन) ही तपासणी झाली आहे का ते पाहावे. ट्रोपोनिन वाढलेले असेल तर दाह हृदयाच्या स्नायूपर्यंत गेला आहे असे समजतात, आणि अशा वेळी जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. दुखणे थांबले की गोळ्या सोडण्याचा मोह होतो, परंतु कोल्चिसिन हे मुख्यतः दुखणे उलटू नये यासाठी असल्यामुळे ते पूर्ण करावे. संध्याकाळचा ताप, वजन घटणे आणि आवरणात साठलेले पाणी एकत्र आढळले, तर आपल्याकडे क्षयरोगाची तपासणी टाळू नये. मैदानावर परतण्यापूर्वी डॉक्टर सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी), ईसीजी आणि इको पुन्हा पाहतील. तोवर त्याला संघाबरोबर बाकावर बसू द्यावे, धावू देऊ नये.