पुण्यात नोकरी करून गावाकडच्या ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी काय करता येईल?

दिवाळीनंतर रजा काढून मुलांना वह्या-दप्तरं वाटावीत का, असं तुम्ही विचारलंय. खरं सांगू? तेव्हा गेलात तर वाटायला मुलंच सापडायची नाहीत. टोळ्या तोवर सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर कर्नाटकात पोचलेल्या असतात.

मी बीड जिल्ह्यातलाच. आईवडील कोयत्यावर जायचे (नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशोबही तसाच). मला आजीपाशी ठेवलं म्हणून शिकलो. धाकट्या बहिणीला सोबत नेलं, कारण कोपीवर (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत) भाकरी टाकायला आणि तान्ह्याला सांभाळायला कुणीतरी लागायचंच. माझ्यापेक्षा हुशार होती ती. पाचवीला शाळा सुटली ती सुटलीच; हजेरीपटावर नाव मात्र पुढेही चालू होतं.

म्हणून माझं म्हणणं, पैसा खर्चायचा तो मूल गावात मागे राहील यासाठी. मुकादमाकडून (मजुरांची टोळी नेणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेले असतात, आईबाप जाणारच. पण पोरीला न्यायचं की ठेवायचं हे पितृपंधरवड्यात, फार तर दसऱ्यापर्यंत ठरतं. तेव्हा घरी जाऊन बसा. ‘पोरीला का नेता?’ असं विचारलंत तर चहा मिळेल, उत्तर नाही. तिला जेवायला कोण घालणार, रात्री ती कुणाजवळ झोपणार, हे विचारा. बहुतेक घरांत आजी असते, पण तीन नातवंडांना पाच-सहा महिने पोसायची ऐपत तिच्यात नसते. आम्ही चार मित्र अशा दोन आज्यांना हंगामभर किराणा भरून देतो, वर थोडे रोख. रोख देऊ नका म्हणणारे भेटतात. भेटू देत, आजीला बीपीच्या गोळ्या किराणा दुकानात मिळत नाहीत.

सरकारची हंगामी वसतिगृहंही आहेत, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतात. नाव वसतिगृह, पण बऱ्याच ठिकाणी मूल तिथे फक्त जेवतं आणि झोपायला नातेवाइकाकडे जातं. ते वेळेत सुरू होणं हीच खरी मेख. आमच्याकडे एका वर्षी डिसेंबर उजाडला, तोवर मुलं उसाच्या फडावर होती. ऑगस्टमध्येच मुख्याध्यापकांना भेटा, मुलांची यादी वर गेली का विचारा, पुण्याहून फोन करत राहा. जी मुलं जातीलच, त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड असू द्या. त्यावर कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं.

आठवीच्या मुलांवर वेगळं लक्ष ठेवा. शिक्षणहक्क कायद्याचं छत्र 14 वर्षांपर्यंतच, त्यानंतर पोरगं कोयता उचलायला मोकळं. सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांना आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला आईबाप गावात असतानाच तहसीलमधून काढून ठेवा. या परीक्षेतल्या बुद्धिमत्ता चाचणीचा सराव पुण्यात बसूनही घेता येतो. मी रविवारी संध्याकाळी आजीच्या फोनवर घेतो, रेंज असेल तर.

तुमचं गाव धारूर-वडवणीकडचं असेल तर कळवा. यंदा गणपती उठले की आम्ही जाणार आहोत, गाडीत एक जागा आहे.