दूध तोडू नका, आधी वाटीत काय आहे ते बघा

तुमचं बाळ साडेसहा महिन्यांचं आहे आणि आजवर फक्त अंगावर प्यायलंय. वरचं सुरू करून पंधरा दिवस झाले तरी दोन-चार चमच्यांपुढे जात नाही, जिभेने बाहेर ढकलतं. आणि घरचे म्हणतात, अंगावरचं कमी कर म्हणजे भुकेने आपोआप खाईल. तर कमी करावं का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. अजिबात करू नका. मी केलं होतं, म्हणून एवढं ठामपणे सांगते.

माझी मुलगी 2016 ची. सहा महिने पूर्ण होईपर्यंत दुसरं काही दिलं नव्हतं, आणि मला त्याचा अभिमान होता. सातव्या महिन्यात भरवायला लागले तर तुमच्यासारखंच, चार चमचे आणि तोंड बंद. तेव्हा माझ्या मोठ्या जाऊबाई तीन आठवडे राहायला आल्या होत्या. त्यांची मुलं कॉलेजात जाणारी, त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी दोन दिवस बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्या दुधानेच पोट भरतं तिचं. ती खाईल कशाला? दूध तोड."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. चार तास. ती रडत होती आणि मी बाहेर बसून होते. दूध भरून येऊन कुर्ता पुढून ओला झाला होता, छाती दगडासारखी झाली होती. शेवटी रडणं थांबलं. जाऊबाई बाहेर आल्या, हातात रिकामी बाटली. पातळ पेज करून बाटलीतून पाजली होती. "बघ, संपवली की नाही?"

संपवली होती हे खरं. मला त्या क्षणी वाटलं, आपलंच चुकत होतं. त्या परत गेल्या तरी मी तोच क्रम चालू ठेवला. सकाळी एकदा, रात्री एकदा अंगावर, मधल्या वेळात पेज, कधी भाज्या उकडून गाळलेलं पाणी. मुलगी वाटीभर प्यायची. सगळे खूश, मीसुद्धा.

साडेनऊ महिन्यांची झाली तेव्हा लसीकरणाच्या कार्डावर बघितलं. दोन महिन्यांत जेमतेम शंभर ग्रॅम वजन वाढलं होतं. चिडचिडी झाली होती, रांगायचा कंटाळा करायची, आणि आता पेजही नको म्हणायची. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून बघितली. आतला भाग पांढुरका. हिमोग्लोबिन 8.4 निघालं, म्हणजे बरंच कमी.

ते म्हणाले, "हिला काय भरवता?" पिशवीत तिचा दुपारचा डबा होताच. त्यांनी झाकण काढलं, चमचा भरला आणि तिरका केला. सगळं एका धारेत परत डब्यात गेलं. चमचा पुन्हा भरला, पुन्हा तिरका केला, आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हे चमच्यावर टिकायला हवं. तिरका केला तर हळूहळू घसरेल, ओघळणार नाही, इतकं घट्ट. हे तर पाणीच पाजताय."

नंतर मी हिशोब समजून घेतला, तो तुम्हालाही सांगते, कारण घरच्यांना उत्तर देताना हाच उपयोगी पडतो. या वयात बाळाचं पोट वजनाच्या किलोमागे साधारण 30 मिली एवढंच. सात किलोचं बाळ म्हणजे एका वेळी 200 मिलीच्या आसपास. आईच्या 100 मिली दुधात 65 ते 70 कॅलरी असतात. पाण्यासारख्या पेजेत त्याच्या निम्म्याही नसतात. म्हणजे मी काय केलं, तर त्या इवल्याशा पोटातून कसदार गोष्ट काढून तिथे पाणी भरलं. आणि वाटी रिकामी झाली म्हणून समाधान मानलं.

सहा ते आठ महिन्यांत अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला फक्त 200 च्या आसपास कॅलरी लागतात. बाकी सगळं दूधच देतं. नऊ ते अकरा महिन्यांत हा आकडा 300 होतो, वर्षानंतर 550. यात दूध तोडायचा प्रश्न येतो कुठे? जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला सांगते ते उगाच नाही.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. "वर्षापर्यंत दूध पुरतं, अन्न फक्त खेळायला" असं सांगणाऱ्या बायकाही मला भेटल्यात, त्याही तितक्याच चूक आहेत. दुधात बरंच काही आहे, पण लोह जवळपास नाही. लिटरभर दुधात अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसतं. जे असतं ते अंगी चांगलं लागतं, तरी पुरत नाही. बाळ जन्मताना लोहाचा साठा घेऊन येतं, तो साधारण सहा महिने चालतो. त्यानंतर ते अन्नातूनच यायला हवं. अमेरिकेच्या पोषणाच्या तक्त्यात सात ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसाला 11 मिलिग्रॅम लोह सांगितलंय, यावरून गरज केवढी आहे ते कळेल. आणि लोह कमी पडलं की भूकच मरते. माझी मुलगी शेवटी पेजही ढकलत होती ती नखरे म्हणून नाही. तिला भूकच लागत नव्हती, आणि आम्ही म्हणत होतो, अजून दूध तोडा.

मग काय केलं? लोहाचे थेंब सुरू झाले (शी काळी होते, घाबरू नका). अंगावरचं पुन्हा मागेल तेव्हा. आणि वाटी बदलली. घट्ट भात आणि डाळ, पातळ न करता कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा तूप. उकडलेलं अंडं मऊ करून. आम्ही मांसाहार करतो, म्हणून पुढे मासा, चिकन, अगदी बारीक करून. शाकाहारी असाल तर डाळी, कडधान्यं आणि सोबत लिंबू, टोमॅटो, संत्रं असं काही आंबट, म्हणजे त्यातलं लोह नीट शोषलं जातं. सुरुवात दोन-तीन चमच्यांनीच झाली, हळूहळू अर्धी वाटी, दिवसातून तीनदा. महिन्याभरात हिमोग्लोबिन 9.9 झालं. पण त्याआधीच, दहा-बारा दिवसांत, तिने माझ्या ताटाकडे हात करायला सुरुवात केली.

तुमच्या बाळाच्या जिभेचं सांगायचं राहिलंच. ते नकार देत नाहीये. जीभ पुढे ढकलायची ही लहान बाळांची उपजत सवय असते, चोखण्यासाठी ती लागते. सहा महिन्यांच्या सुमाराला ती सुटत जाते, काहींची थोडी उशिरा. बाळाला ताठ बसवा, आडवं घेऊन भरवू नका, चमचा ओठापाशी न्या आणि थांबा. ते तोंड उघडेल. नाक दाबून, टाळ्या वाजवून, मोबाइल लावून भरवू नका. एखादा पदार्थ आठ-दहा वेळा समोर येईपर्यंत न आवडणं अगदी नेहमीचं आहे, आणि आपण दुसऱ्याच वेळी "हिला हे आवडत नाही" म्हणून मोकळे होतो. मी अंगावर पाजल्यावर तासाभराने भरवायचे. भुकेने कासावीस झालेलं बाळ नवीन काही शिकत नाही, ते फक्त रडतं.

जाऊबाईंबद्दल एक सांगायलाच हवं. त्यांनी वाईट हेतूने काही केलं नाही. त्यांच्या मुलांच्या वेळी चार ते सहा महिन्यांत वरचं सुरू करा असंच सांगत. पूर्ण सहा महिने ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने 2001 मध्ये केली. जाऊबाई वर्षाच्या आत अंड्यालाही हात लावू देत नसत. तेही तेव्हाचे डॉक्टरच सांगायचे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 मध्ये ॲलर्जीची शक्यता असलेल्या मुलांना अंडं दोन वर्षांनंतर आणि शेंगदाणे तीन वर्षांनंतर असं सांगितलं होतं आणि 2008 मध्ये ते मागे घेतलं. 2015 च्या एका मोठ्या अभ्यासात तर उलटंच दिसलं. ॲलर्जीचा धोका असलेल्या 640 बाळांपैकी ज्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ दिले, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी होती. ज्ञान बदलतं, याचा मला राग नाही. राग आहे तो दार लावून घेतल्याचा. आणि त्याहून जास्त, मी ते उघडलं नाही याचा.

गेल्या वर्षी जाऊबाईंच्याच मुलीला बाळ झालं. मागच्या महिन्यात सगळे जमलो असताना त्या तिला हेच सांगत होत्या, "दूध तोड, मग बघ कशी खाते." मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलले, 8.4 चा आकडा सांगितला. तेव्हापासून त्यांनी माझा फोन उचललेला नाही. पण त्यांच्या मुलीचा रात्री मेसेज आला, "काकू, घट्ट म्हणजे नक्की किती घट्ट?" मी तिला तिरक्या चमच्याचा व्हिडिओ काढून पाठवला.

आता ज्या गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा जन्मतः कमी वजनाचं असेल तर लोहाचा साठा लवकर संपतो, डॉक्टरांशी आत्ताच बोला. लोहाचे थेंब मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका. वर्षाच्या आत मध थेंबभरही नाही, त्यात बोट्युलिझम या गंभीर आजाराचे जंतू असू शकतात. गाईचं-म्हशीचं दूध वर्षापर्यंत आईच्या दुधाऐवजी प्यायला द्यायचं नाही. मीठ-साखर नको. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराच्या चकत्या नकोत. शेंगदाणे द्यायचे तर कुटून, पातळ करून, आणि बाळाला इसब किंवा आधीची ॲलर्जी असेल तर विचारून. खाताना बाळ खोकलं, लाल झालं, आवाज करत उबळ काढली तर ते बहुतेक वेळा स्वतः सावरतं, तोंडात बोट घालू नका. आवाज बंद झाला, ओठ निळे पडायला लागले तर ते गुदमरणं. त्यावेळी काय करायचं ते भरवायला लागण्याआधीच कोणा जाणत्याकडून प्रत्यक्ष शिकून घ्या.

पंधरा दिवसांत चार चमचे खाणारं साडेसहा महिन्यांचं बाळ, वजन वाढत असेल आणि खेळत असेल, तर मला चिंतेचं वाटत नाही. वजन थांबलं असेल तर लगेच दाखवा. आणि जाताना ते रोज जे खातं त्याचा डबा बरोबर न्या.