व्यायामाची अजिबात सवय नाही आणि दोन मिनिटांत धाप लागते. धावायला सुरुवात कशी करावी?

दोन मिनिटांत धाप लागत असेल, तर सलग धावण्याचा प्रयत्न तूर्त सोडून द्यावा आणि चालणे व धावणे आलटून-पालटून करावे. जोश क्लार्क यांनी १९९६ मध्ये नवशिक्यांसाठी आखलेला आणि पुढे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनेही स्वीकारलेला 'काउच टू फाइव्ह के' (म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर धावण्यापर्यंत) हा ९ आठवड्यांचा कार्यक्रम याच तत्त्वावर उभा आहे: पहिल्या आठवड्यात ५ मिनिटे झपाझप चालून झाल्यावर ६० सेकंद धावणे आणि ९० सेकंद चालणे हे चक्र २० मिनिटे चालवायचे, तेही आठवड्यातून तीनच दिवस. हे फारच थोडे वाटते आणि बहुतेकांची फसगत नेमकी इथेच होते, कारण हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, पण हाडे आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे पट्टे) बळकट व्हायला महिने लागतात. दम टिकू लागला म्हणून अंतर एकदम वाढवले की नडगीच्या आतल्या कडेला ठणकू लागते. वेग इतकाच ठेवावा की सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. शब्द तुटू लागले तर वेग कमी करावा, मग शेजारून कोणी चालत पुढे गेले तरी हरकत नाही. एखादा आठवडा जड गेला, तर तोच पुन्हा करावा. मात्र मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, अथवा जिना चढताना छातीत दडपण येत असेल, तर धावण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.