पहिली नोकरी सोडताय? आधी एवढं बघा

पगार कमी म्हणून सोडतोय, असं बहुतेक जण सांगतात. खोदून विचारलं तर साहेब, शिफ्ट किंवा प्रवास निघतो. तुमचं खरं कारण एका ओळीत कागदावर लिहा, आणि नव्या जागी ते सुटतंय का तेवढं तपासा. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरून नवी मुंबईत बेलापूरला जायचं असेल, तर होकार देण्याआधी एकदा सकाळी नऊला तो प्रवास करूनच बघा. ऐरोली, घणसोलीला ट्रान्स-हार्बर लोकल आहे, पण ठाणे स्टेशन गाठण्यातच अर्धा जीव जातो.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- सीटीसीला (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) भुलणं. त्यात पीएफमधला (भविष्य निर्वाह निधी) कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम), बोनस सगळं धरलेलं असतं. हातात महिन्याला किती येणार, ते लेखी मागा.
- लेखी ऑफर हातात येण्याआधी राजीनामा. फोनवरचा होकार म्हणजे काहीच नाही!
- नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर किती दिवस काम करायचं ते) न वाचणं. नव्वद दिवसांचा असेल तर नवी कंपनी थांबणार का, हे मुलाखतीतच विचारा.
- पीएफ काढून घेणं. यूएएन (नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा नंबर) तोच ठेवा, रक्कम ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षं भरायच्या आत काढलात तर सहसा कर लागतो.
- आधीचा पगार नव्या कंपनीला न कळवणं. मग दोन्हीकडे करसवलत धरली जाते आणि रिटर्न भरताना खिशातून पैसे जातात.

जुन्या कंपनीकडून रिलीव्हिंग लेटर (तुम्हाला कामातून मोकळं केल्याचं पत्र) घेतल्याशिवाय हलू नका. आधी ऑफर लेटर नीट वाचा.