शेळ्या-मेंढ्यांना गाठी आणणाऱ्या जिवाणूचा अख्खा जीनोम वाचून उपयोग काय?

गाठीतला पू तपासून रोग कळतोच, मग जीनोम, म्हणजे जिवाणूचा संपूर्ण डीएनए, वाचण्याचा एवढा खटाटोप कशाला, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या निदानासाठी खरंच गरज नाही. पण मी याच जिवाणूवर काम करते, आणि माझ्या मते खरी अडचण निदानाच्या पुढे सुरू होते.

कोरिनेबॅक्टेरियम स्यूडोट्युबरक्युलोसिस हे त्याचं नाव. मेंढीची जुनी गाठ कापली की आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात, मध्ये घट्ट हिरवट पू. त्या जाड आवरणातून अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही; शिवाय जिवाणू जनावराच्या पांढऱ्या पेशींतही दडून बसतो. म्हणून सगळी भिस्त लसीवर. आजच्या लसी मुख्यतः फॉस्फोलायपेज डी या विषाच्या निष्प्रभ रूपावर बेतलेल्या आहेत. त्यांनी गाठी कमी होतात, रोग पुरता थांबत नाही. तेव्हा या विषाखेरीज जिवाणूकडे आणखी काय आहे, हे शोधायलाच हवं.

इथे जीनोम कामी येतो. तो लहानच, सुमारे 23 लाख बेस-जोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या तेवढ्या अक्षरांचा. ब्राझीलमधल्या शेळीतून आणि ऑस्ट्रेलियातल्या मेंढीतून घेतलेल्या दोन वाणांचे जीनोम 2011 साली प्रसिद्ध झाले. त्यांत बाहेरून आल्यासारखे दिसणारे सात तुकडे सापडले. त्यातल्या एकात त्या विषाचं जनुक आहे आणि त्याला अगदी खेटून लोह खेचून घेणारी फॅग (fag) नावाची जनुकं. जनावराचं शरीर जिवाणूला लोह मिळू देत नाही, त्यामुळे ही शेजारची जनुकं मला विषाइतकीच महत्त्वाची वाटतात. शेळ्या-मेंढ्यांतले वाण एकमेकांशी कमालीचे मिळतेजुळते निघाले, हीसुद्धा लसीच्या दृष्टीने चांगली बातमी.

तुम्ही स्वतः हे करणार असाल, तर फक्त छोट्या रीड्सवर, म्हणजे यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांवर, विसंबू नका; हे तुकडे जोडूनच अख्खा जीनोम उभा करायचा असतो. रायबोसोमल आरएनएच्या जनुकांचा गट यात चारदा येतो, सगळे जवळजवळ सारखेच, आणि जोडणी नेमकी तिथेच तुटते. लांब रीड्स हव्यातच. पेशीभित्तिका मेणचट असते, म्हणून डीएनए काढताना पेशीभित्तिका विरघळवणाऱ्या नुसत्या लायसोझाइम या विकरावर भागत नाही. बारीक मण्यांसोबत घुसळून पेशी फोडाव्या लागतात, पण जास्त घुसळलं तर डीएनएचेही तुकडे होतात.

नमुना न फुटलेल्या गाठीतून, आवरणालगतचा घ्या. आणि हातमोजे घालाच. या जिवाणूचा संसर्ग माणसालाही होतो; 2010 साली ज्या वाणाचा जीनोम प्रसिद्ध झाला, तो फ्रान्समधल्या 12 वर्षांच्या मुलीच्या गाठीतून मिळाला होता.