परीक्षेचं नंतर बघू, आधी जहाज कोण देणार ते विचारा

"मॅडम, पोरगं मेकॅनिकल झालंय, आता जहाजावर जायचं म्हणतंय. पण त्या परीक्षा म्हणं जन्मभर सुटत न्हाईत. खरं हाय काय?"

उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप चालवणाऱ्या एका वडिलांचा हा प्रश्न. सोबत मुलगा, त्याची आई आणि एका एजंटनं दिलेलं गुळगुळीत माहितीपत्रक. कोल्हापुरात समुद्र नाही, नात्यागोत्यात जहाजावर कोणी नसतं. माहिती मिळते ती एजंटकडून नाहीतर यूट्यूबवरून. त्यामुळं माझ्याकडं सल्ल्याला येणारे पालक पहिल्यांदा परीक्षेचंच विचारतात. वर्षांनुवर्षं हे ऐकून माझं मत पक्कं झालंय: पोरं अडकतात ती बहुतेक परीक्षेच्या अलीकडं, परीक्षेत नव्हे.

आधी परीक्षांची उतरंड सांगितली. जहाजावरच्या इंजिनीअरला नुसती पदवी चालत नाही, सक्षमता प्रमाणपत्र लागतं. सगळे त्याला सीओसी म्हणतात. भारतात ते डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याच्या अखत्यारीत मिळतं आणि परीक्षा मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट, म्हणजे एमएमडी घेतं. आपल्याला जवळचं केंद्र मुंबईचं. पहिली पायरी एमईओ, म्हणजे मरीन इंजिनीअर ऑफिसर, क्लास फोर. ती झाली की वॉच, म्हणजे इंजिनरूमची पाळी, सांभाळणारा अधिकारी म्हणून, सहसा फोर्थ इंजिनीअर म्हणून, उभं राहता येतं. मग क्लास टू, म्हणजे सेकंड इंजिनीअरची पात्रता, आणि शेवटी क्लास वन, म्हणजे चीफ.

"आणि थ्री कुठं गेला?" वडिलांनी बरोबर पकडलं. क्लास थ्री किनाऱ्याजवळ चालणाऱ्या जहाजांच्या वेगळ्या वाटेवर आहे, तुमच्या मुलाच्या वाटेत तो येत नाही, एवढं सांगून पुढं गेले.

म्हणजे मुख्य परीक्षा तीनच. जन्मभराच्या वाटतात, कारण दोन परीक्षांच्या मध्ये समुद्रावरची नोकरी सक्तीची असते. हा नियम जगभर आहे. जहाजावरच्या माणसांचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रं ठरवणारा १९७८ चा एसटीसीडब्ल्यू करार आणि त्यातल्या २०१० च्या मनिला सुधारणा बहुतेक सगळे देश पाळतात. मोठ्या जहाजावर सेकंड इंजिनीअर व्हायचं तर अधिकारी दर्जाची किमान १२ महिन्यांची समुद्रसेवा लागते, चीफ व्हायला ३६ महिन्यांची; त्यातले किमान १२ महिने सेकंड इंजिनीअर म्हणून काढले असतील तर ती २४ महिन्यांपर्यंत कमी होऊ शकते. ३,००० किलोवॅट किंवा त्याहून जास्त ताकदीच्या इंजिनांची जहाजं म्हणजे इथं मोठी जहाजं.

"आणि दर पाच वर्षांनी पुन्हा परीक्षा असती म्हणं?" हा आईंचा प्रश्न. सीओसीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, हे खरं. पण त्या पाच वर्षांत १२ महिने जहाजावर काम झालेलं असेल तर लेखी-तोंडी पुन्हा देत बसावं लागत नाही. ठरलेले छोटे कोर्स केले की झालं. आईंचा चेहरा इथं जरा सैल झाला.

मग मी माहितीपत्रक उघडलं. मूलभूत सुरक्षेचे पाच कोर्स, सीडीसी, "फॉरेन सीओसी" आणि नोकरीची हमी, सगळं मिळून सहा लाख. निम्मे आधी.

मेख अशी की यातला शब्दन्‌शब्द खोटा होता असं नव्हतं. बुडत्या जहाजातून जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षितता, जहाजाची सुरक्षा हे पाच छोटे कोर्स खरोखरच लागतात. पण ते खलाशापासून कॅप्टनपर्यंत सगळ्यांना लागतात. त्यानं कोणी अधिकारी होत नाही. सीडीसी ही खलाशाची ओळख आणि सेवेची नोंद ठेवणारी पुस्तिका. ती हातात आली म्हणून नोकरी चालत येत नाही. आणि जहाजावर एक दिवस न काढलेल्या मुलाला कुठल्याही देशाचा अधिकारी-सीओसी मिळतो असं कोणी म्हणत असेल, तर तो कागद बनावट आहे असंच धरून चाला. पकडलं गेलं की पोराचं करिअर तिथंच संपतं. एजंट तोवर दुसऱ्या गावात ऑफिस थाटून बसलेला असतो.

मेकॅनिकल पदवीधरासाठी सरळ वाट आहे जीएमई. साधारण वर्षाच्या आतबाहेरचं निवासी प्रशिक्षण, डीजी शिपिंगची मान्यता असलेल्या संस्थेतच. पदवीच्या शेवटच्या वर्षाला ५० टक्के, दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के आणि वय २८ पर्यंत. मुलगा तिन्हीत बसत होता. हे झाल्यावर ट्रेनी म्हणून जहाजावर चढायचं, सहा महिन्यांची समुद्रसेवा भरायची, आणि त्यानंतरच क्लास फोरच्या परीक्षेला बसता येतं.

वडिलांना हे लगेच उमगलं. म्हणाले, "म्हणजे आमच्यातल्यागत. शिकाऊ म्हणून मशीनवर उभारल्याबिगर फिटर हुता येत न्हाई."

अगदी तसंच. फक्त इथं शिकाऊ म्हणून उभं करून घेणारा आधी सापडावा लागतो, आणि खरी कोंडी तिथंच आहे. प्रशिक्षण पुरं झालेली मुलं भरपूर, ट्रेनीला जहाजावर घेणाऱ्या जागा त्यामानानं कमी. जहाज नाही तर समुद्रसेवा नाही, आणि समुद्रसेवा नाही तर परीक्षेचा फॉर्मसुद्धा भरता येत नाही. कोर्सची लाखांची फी भरून वर्ष-वर्ष घरी बसलेली, लाजेपोटी गावात काय सांगायचं म्हणून पुण्यात खोली घेऊन राहणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यातला एकही नापास झालेला नव्हता.

म्हणून प्रवेशाआधी स्पॉन्सरशिपचं विचारायचं. एखादी शिपिंग कंपनी आधीच मुलाखत आणि चाचणी घेऊन मुलाला निवडते, लेखी पत्र देते आणि प्रशिक्षणानंतर आपल्या जहाजावर घेते. "आमच्याकडं शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणजे स्पॉन्सरशिप नव्हे. कंपनीच्या नावाचं, मुलाच्या नावाचं पत्र पाहिजे. कंपनी किंवा मॅनिंग एजंटकडं, म्हणजे जहाजांना माणसं पुरवणाऱ्याकडं, आरपीएसएल हा खलाशी भरतीचा सरकारी परवाना आहे का, ते डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येतं. आणि नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमात बसतच नाही. भारतानं २०१५ साली मंजूर केलेल्या सागरी कामगार करारातही तेच आहे: पासपोर्ट, सीडीसी, वैद्यकीय दाखला असला खर्च तुमचा असू शकतो, नोकरीची किंमत नाही.

"मग हे सहा लाख कशाचे?" वडिलांनी विचारलं. ते एजंटलाच विचारा, म्हटलं, आणि उत्तर लेखी मागा. लेखी उत्तर काही आलं नाही.

आणखी एक गोष्ट मी त्यांना फी भरायच्या आधी करायला लावली: डीजी शिपिंगनं मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून तपासणी. इंजिन विभागात मर्यादेत चष्मा चालतो, रंगांधळेपणा चालत नाही. आपल्याला लाल-हिरव्यात गोंधळ होतो हे काहींना तोवर ठाऊकच नसतं. तपासणीचा खर्च किरकोळ असतो, ती शेवटावर ठेवण्यात काही अर्थ नाही. या मुलाचं सगळं व्यवस्थित निघालं.

इतका वेळ मुलगा गप्पच होता. त्याची धास्ती वेगळी निघाली. शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून, आणि क्लास फोरला लेखीबरोबर तोंडी परीक्षा असते, समोर परीक्षा घेणारा एमएमडीचा अधिकारी, म्हणजे सर्व्हेअर, सगळं इंग्रजीत. "मला येतंय, पण बोलायला गेलं की अडकतंय," म्हणाला.

मी विचारलं, वर्कशॉपचा डिझेल जनरेटर तापून बंद पडला तर आधी काय बघशील? मराठीत धडाधड सांगितलं: पाणी, बेल्ट, ऑइलची पातळी, फिल्टर, मग थर्मोस्टॅट. वडील मान डोलावत होते. तेच इंग्रजीत सांग म्हटल्यावर दुसऱ्या वाक्याला थांबला. म्हणजे विषयाची पकड होती, सवय नव्हती. ती लावता येते. मुलाखत घेताना कंपन्याही हेच बघतात, तेव्हा तयारी आत्ताच सुरू कर म्हटलं.

क्लास फोरचे विषय फंक्शन नावाच्या चार भागांत असतात: मरीन इंजिनीअरिंग, विद्युत, इलेक्ट्रॉनिक आणि नियंत्रण यंत्रणा, देखभाल-दुरुस्ती, आणि जहाजाचं कामकाज व माणसांची काळजी. सगळे एकाच फेरीत सुटलेच पाहिजेत असं नाही. माझ्या ओळखीचे एक निवृत्त चीफ इंजिनीअर सांगतात की तोंडीला आकडा विचारतात, पण अडवतात ते "का"वर. बिल्जचं, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचलेलं, पाणी समुद्रात सोडताना तेलाचं प्रमाण १५ पीपीएमच्या (दहा लाखांत १५ भाग) वर नको, इंधनात गंधक १ जानेवारी २०२० पासून ०.५० टक्क्यांपर्यंतच, हे सगळे पाठ करून येतात. पण क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद भागात, ऑइल मिस्टचा (तेलाच्या धुक्याचा) अलार्म वाजला तर इंजिन थांबवून लगेच दार का उघडायचं नाही? आतला भाग अजून तापलेला असतो, बाहेरची हवा आत गेली की स्फोट होऊ शकतो. हे ज्याला आपल्या शब्दांत सांगता येतं, त्याचं इंग्रजी मोडकं असलं तरी निभावतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून रोज एक यंत्र घेऊन त्याची पाच-सहा वाक्यं फोनवर रेकॉर्ड कर आणि स्वतःच ऐक, एवढंच त्याला दिलं. व्याकरणाचं पुस्तक नको म्हटलं.

मुलानं शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेंटेनन्सला नोकरी धरली आणि तिथूनच कंपन्यांच्या चाचण्या देत राहिला. पहिल्या काही ठिकाणी निवड झाली नाही. वडिलांचा धीर सुटत होता, एजंटचे फोन चालूच होते. शेवटी एका कंपनीचं पत्र आलं, मग प्रवेश, मग बँकेचं कर्ज. पत्र असल्यामुळं कर्जाला मी मोडता घातला नाही. पत्राशिवाय घर किंवा वर्कशॉप तारण ठेवायला मी कुणालाच हो म्हणत नाही.

आता तो ट्रेनी म्हणून जहाजावर आहे. मध्यंतरी मेसेज आला: ट्रेनिंग रेकॉर्ड बुकातल्या काही कामांवर सह्या राहिल्यात आणि ज्यांच्या हाताखाली ती केली ते सेकंड इंजिनीअर पुढच्या बंदरावर उतरणार आहेत. काय करू? आजच रात्री पुस्तक घेऊन त्यांच्याकडं जा, म्हणून कळवलं. आणि स्वतः उतरशील तेव्हा चीफ इंजिनीअरच्या सहीचं समुद्रसेवेचं पत्र, तारखा सीडीसीशी ताडून, हातात घेतल्याशिवाय गँगवेकडं, म्हणजे जहाजावरून उतरायच्या शिडीकडं, वळू नकोस.