आधी वाफसा ओळखायला शीक

प्रिय,

वर्षभर एका लहान शेतावर राबून रीजनरेटिव्ह शेती, म्हणजे जमिनीचा कस परत आणणारी शेती, शिकायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. मेअखेरीला पोहोच, म्हणजे पहिल्या पावसाआधीची कोरडी, भेगाळलेली जमीनही बघायला मिळेल. गेल्यागेल्या मालकांकडे वर्षभरासाठी पाच गुंठे माग. शेजारचे पाच गुंठे त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनेच राहू देत. तुलनेला तुकडा नसला, की चांगल्या पावसाचं श्रेय आपण आपल्या खताला देऊन बसतो.

एका तालुक्यात शिकलेलं दुसरीकडे जसंच्या तसं लावू नकोस. एकट्या नाशिक जिल्ह्यात बघ, इगतपुरीत पाऊस तीन हजार मिलिमीटरवर जातो, सिन्नर-येवल्यात पाचशे-सहाशेवर आटोपतो. तिकडे पाण्याचा निचरा हा प्रश्न, इकडे ओल धरून ठेवणं.

खतांचं नंतर. आधी वाफसा ओळखायला शीक, म्हणजे माती ना चिखल, ना कोरडी, मशागतीला नेमकी ओल असते ती वेळ. काळ्या जमिनीत ओल्यावर ट्रॅक्टर घातला, की नांगराच्या तळाखाली घट्ट थर बसतो. वरची ढेकळं उन्हात विटेसारखी कडक होतात, मुळं त्या थरावर आडवी पसरतात आणि पाणी वरच साचतं. पाऊस उघडला की रोज सकाळी चार बोटं खालची माती काढ, मुठीत दाब आणि गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोड. फुटून भुसभुशीत पसरला तर वाफसा आला. चपटा होऊन चिकटला तर थांब. गोळाच वळत नसेल तर उशीर झाला. बांधाकडेला, मधोमध आणि खोलगट भागात वेगवेगळं बघ. खोलगट जागा मागे राहते. ही परीक्षा वाचून येत नाही, एका पावसाळ्यात हाताला येते.

जमीन सुधारतेय का, हे पाणी किती वेगानं मुरतं त्यावरून कळतं. सहा इंची पीव्हीसी पाइपचा पाच इंच लांब तुकडा घे, लाकडी फळी ठेवून तीन इंच जमिनीत ठोक. आत प्लॅस्टिकचा कागद अंथर, साडेचारशे मिली पाणी ओत आणि कागद हळूच ओढून घे. थेट ओतलंस तर धारेनं वरची माती हलते आणि छिद्रं बुजतात. हे झालं एक इंच पाणी. पहिल्यांदाचं पाणी माती भिजवण्यात जातं, दुसऱ्यांदा लागलेली मिनिटं लिही. उन्हाळ्यात भेगांवर हे करू नकोस, पाणी भेगेतून पळतं आणि आकडा फसवा येतो.

पहिल्या चांगल्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी ताग पेर, एकरी वीस ते पंचवीस किलो. पाच गुंठ्यांना तीन किलो पुरे. पंचेचाळीस दिवसांनी, फुलं दिसू लागताच काप. आठ-पंधरा दिवस लांबवलंस तर खोडात वाख, म्हणजे चिवट तंतू, धरतो आणि तो कुजता कुजत नाही. वेलवर्गीय किंवा अंतरावरच्या पिकाला ताग कापून तसाच वर पसरणं उत्तम. रांगडा (उशिरा खरिपाचा) कांदा असेल तर मात्र पंधरा बाय दहा सेंटिमीटरची लागण जाड आच्छादनातून करणं जिकिरीचं. तिथे वाफशावर वरच्या चार इंचांतच मिसळ आणि दोन-तीन आठवडे थांबून रोपं लाव. लगेच लावलीस तर कुजवणारे जीव नत्र ओढून घेतात, पात पिवळी पडते आणि लोक तागालाच दोष देतात.

द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या जाळू देऊ नकोस. श्रेडरमधून दोन-दोन इंचांचे तुकडे करून बोदावर (वेलीखालच्या मातीच्या वरंब्यावर) पसर, मातीत मिसळू नकोस. लाकडाचं कर्ब जास्त, नत्र कमी, म्हणून मिसळलंस तर इथेही तीच नत्राची ओढ लागते. डाऊनी-भुरी या बुरशीसारख्या रोगांची पानं बागेबाहेर काढ आणि कंपोस्टच्या ढिगात मधोमध घाल, कडेला ढीग तापत नाही. ढीग किमान तीन फूट लांब-रुंद-उंच हवा. मूठभर माल पिळल्यावर दोन-चार थेंब पडावेत. अमोनियाचा झणका आला तर काडीकचरा वाढव. सडक्या अंड्याचा वास आला तर पाणी जास्त झालंय; उलथून हवा दे. अर्धवट कुजलेलं शेणखत घालणं टाळ, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी येतं.

नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीतलं जीवामृत, म्हणजे मातीतले जीव वाढवणारं द्रावण, तिथे बनत असेलच: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो ताजं शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन प्रत्येकी एक ते दोन किलो, बांधावरची मूठभर माती. ड्रम सावलीत ठेव, सकाळ-संध्याकाळ ढवळ, दोन दिवसांनी वापरायला काढ आणि आठवड्यात संपव. पण उघड्या, कोरड्या जमिनीवर ते ओतणं म्हणजे मेहनत वाया. आधी आच्छादन आणि ओल, मग जीवामृत.

मातीपरीक्षण जूनच्या आत करून घे. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांखाली निघाला तर खचू नकोस, आपल्याकडच्या पुष्कळ जमिनी तशाच आहेत. एका वर्षात तो आकडा फारसा हलणार नाही. पाणी मुरायची मिनिटं मात्र त्याच्याआधी बदलू लागतात. पाइपचा तुकडा इथूनच कापून ने, आणि खालची कड कानशीनं घासून धारदार कर, नाहीतर मुरमाड जागी तो आत उतरत नाही.